व्हिडिओ हाती आहे, आता पुढे काय? मानवी हक्कांच्या कामात कॅमेरा वापरताना

३ मार्च १९९१च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर पाडून बेदम मारलं. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जॉर्ज हॉलिडेने बाल्कनीतून ते हँडीकॅमवर टिपलं. टेप टीव्हीवर गेली, जगभर पाहिली गेली, आणि आता हे पोलीस सुटत नाहीत असं बहुतेकांनी गृहीत धरलं. एप्रिल १९९२मध्ये ज्युरीने चौघा आरोपी पोलिसांपैकी एकालाही दोषी धरलं नाही. बचाव पक्षाच्या वकिलांनी तीच टेप कोर्टात एकेक फ्रेम थांबवत दाखवली आणि जमिनीवर पडलेल्या माणसाची प्रत्येक हालचाल म्हणजे प्रतिकारच, हे ज्युरीच्या गळी उतरवलं. त्यात टीव्हीवर दाखवताना सुरुवातीचे काही धूसर सेकंद कापले गेले होते. बचाव पक्षाने नेमके तेच सेकंद उचलून धरले.

मानवी हक्कांच्या कामात व्हिडिओ वापरू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे प्रकरण आधी सांगतो. अन्याय कॅमेऱ्यात सापडला की पुढचं आपोआप होईल, ही समजूत फार पक्की असते आणि फार महागात पडते. व्हिडिओला बोलतं करावं लागतं. ते आपण केलं नाही तर समोरची बाजू करते.

आधी ठरवा: कुणी पाहायचा आणि पाहून काय करायचं

कॅमेरा हातात घेण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: 'हा व्हिडिओ पाहून अमुक व्यक्तीने किंवा संस्थेने अमुक तारखेच्या आत अमुक करावं.' वाक्य पूर्ण होत नसेल तर शूटिंगची घाई करू नका. 'लोकांमध्ये जागृती व्हावी' हे उत्तर चालणार नाही. कोणत्या लोकांमध्ये? जागृती झाल्यावर त्यांच्या हातात काय आहे?

२००३मध्ये पॅराग्वेच्या सरकारी मनोरुग्णालयात दोन किशोरवयीन मुलांना कोठडीसारख्या खोल्यांमध्ये विवस्त्र डांबून ठेवल्याचं मानसिक अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेला आढळलं. त्यांनी चित्रीकरण केलं. त्यांना निर्णय हवा होता तो आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडून, म्हणून कायदेशीर अर्जासोबत छोटा व्हिडिओ आयोगाकडे गेला. आयोगाने त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये रुग्णालयातल्या रुग्णांच्या संरक्षणासाठी तातडीच्या उपाययोजना करायला सांगितलं. निर्णय घेणारी माणसं मोजकीच होती आणि व्हिडिओ त्यांच्यासमोर योग्य कागदांसह पोहोचला. लाखो व्ह्यूज मिळूनही ज्याच्या सहीने काम होणार त्याने तो पाहिलेलाच नाही, असे व्हिडिओ ढिगाने आहेत.

प्रेक्षक ठरला की व्हिडिओचा प्रकारही ठरतो. कोर्टाला न कापलेलं मूळ फुटेज लागतं. एखाद्या आयोगाला किंवा लोकप्रतिनिधीला चार-पाच मिनिटांत मांडलेली बाजू लागते, आणि सोबत दोन पानी टिपण. समाजमाध्यमांवर मिनिटभरात मुद्दा यावा लागतो. एकाच व्हिडिओत ही तिन्ही कामं उरकायला गेलं की तिन्ही अर्धवट राहतात. मूळ फुटेज नीट असेल तर त्यातून तीन वेगळे व्हिडिओ काढता येतात.

धोक्याचा हिशेब आणि फोनची तयारी

कुणाला काय होऊ शकतं, हे तीन गटांसाठी वेगवेगळं लिहून काढा: शूट करणारे, व्हिडिओत दिसणारे, आणि दोघांचे घरचे. तुमच्या इथे पोलीस कारवाईचं, सरकारी इमारतींचं किंवा खासगी जागेचं चित्रीकरण करण्याबद्दल कायदा काय म्हणतो, हे वकिलाला आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी रस्त्यावर कायद्याचा कीस पाडायला कुणालाच सवड नसते. शक्यतो एकट्याने जाऊ नका. एकजण शूट करतो तेव्हा त्याचं भान स्क्रीनवर असतं, त्यामुळे आजूबाजूला लक्ष ठेवायला दुसरा माणूस हवाच.

फोनला बोटाच्या ठशाऐवजी किंवा चेहऱ्याऐवजी लांब पासकोड लावा, कारण बोट जबरदस्तीने टेकवता येतं. जुनी छायाचित्रं, चॅट, संपर्क अशा फोनमधल्या अनावश्यक गोष्टी काढून टाका. फोन जप्त झाला तर फक्त तुम्ही अडकत नाही, संपर्कयादीतले सगळे अडकतात. घड्याळ आणि तारीख बरोबर आहे ना, हे पाहा. जागा मोकळी ठेवा, पॉवर बँक भरून घ्या, भिंग पुसून घ्या. हसू नका, अनेक चांगले पुरावे भिंगावरच्या तेलकट बोटामुळे निकामी झालेत.

लोकेशन चालू ठेवायचं का, हा खरा पेच आहे. जीपीएस नोंद असली तर व्हिडिओ कुठला हे सिद्ध करणं सोपं जातं. तीच नोंद साक्षीदाराच्या घराचा पत्ताही देते. घटनास्थळी चालू आणि गुप्तपणे घेतलेल्या मुलाखतीच्या वेळी बंद, असा साधा नियम मी पाळतो. यासाठी खास ॲपही आहेत. इंटरनॅशनल बार असोसिएशनने २०१५मध्ये सुरू केलेलं 'आयविटनेस' ॲप व्हिडिओसोबत वेळ, ठिकाण आणि फाईल बदललेली नसल्याची खूण साठवतं. २०१८मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या एका खटल्यात त्यातून घेतलेली छायाचित्रं पुराव्यात वापरली गेली आणि दोन सशस्त्र टोळीप्रमुखांना शिक्षा झाली. 'प्रूफमोड' आणि 'टेला' ही त्याच जातीची ॲप आहेत. मात्र आंदोलनाच्या आदल्या रात्री नवं ॲप उतरवून घेऊ नका, आठवडाभर आधी सराव करा.

घटनास्थळी

कोर्टात साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: काय घडलं, कुणी घडवलं, आणि आदेश देणाऱ्यांना किंवा वरच्यांना त्याची कल्पना होती का. आपले कॅमेरे पहिल्याच गोष्टीवर खिळून राहतात. रडणारी बाई, जळणारं घर, रक्त. हे स्वाभाविक आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीचं फुटेज दुर्मीळ असतं आणि वकील तेच शोधत असतात.

समजा, एका वस्तीतली घरं पाडली जात आहेत. रेकॉर्डिंग सुरू करताच हळू आवाजात तारीख, वेळ आणि ठिकाण सांगा. बोलणं धोक्याचं असेल तर कागदावर लिहून तो कागद दाखवा. नाव सांगायचं की नाही, ते धोक्याच्या हिशेबावर ठरेल. मग जागेवर उभं राहून कॅमेरा सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे न्या, पूर्ण वर्तुळ झालं तर उत्तम. या शॉटमध्ये पाण्याची टाकी, टॉवर, मनोरा, डोंगर असं न हलणारं काहीतरी आलंच पाहिजे, कारण पुढे कुणी 'हे इथलं नाहीच' म्हणालं की तेच उपयोगी पडतं. त्यानंतर मधल्या अंतरावरून: यंत्र कुठून कुठे जातंय, किती माणसं गणवेशात, किती साध्या कपड्यात. मग जवळून: यंत्राची नंबरप्लेट, गणवेशावरचा बिल्ला, हातातली काठी किंवा शस्त्र, भिंतीवर चिकटवलेली नोटीस आणि तिच्यावरची तारीख. कानाला फोन लावून सूचना घेणारा आणि मग हात वर करून इतरांना थांबवणारा माणूस दिसला तर तो शॉट सोडू नका. आदेशाची साखळी अशीच दिसते.

प्रत्येक शॉट किमान १० सेकंद धरा. मनातल्या मनात मोजा, कारण गोंधळात ३ सेकंदही १० वाटतात. झूम करण्याऐवजी सुरक्षित असेल तर दोन पावलं पुढे जा. फोन आडवा धरा. शक्यतो रेकॉर्डिंग थांबवू नका. सलग फुटेजवर शंका घेणं अवघड, तुकड्यांवर सोपं. आणि बोलू नका. 'बघा हे नराधम काय करतायत' हा तुमचा आवाज ध्वनिमुद्रणात शिरला की मागचा आदेश ऐकू येत नाही, शिवाय पुढे तुमच्या तटस्थपणावर बोट ठेवायला आयतं निमित्त मिळतं. बोलायचंच तर कॅमेऱ्याला न दिसणारं सांगा: 'हवेत जळक्या रबराचा वास आहे', 'मागून तीन आवाज आले'. ते स्फोट होते की गोळीबार, हा निष्कर्ष काढू नका.

जखम, गोळीचं रिकामं काडतूस, तुटलेलं कुलूप असं काही सापडलं तर हात न लावता आधी लांबून, मग जवळून घ्या, आणि एकदा शेजारी पेनासारखी ओळखीच्या आकाराची वस्तू ठेवून घ्या. काडतुसाच्या बुडावर अक्षरं-आकडे असतात, ते वाचता येतील इतकं जवळून.

माणसांना बोलतं करण्याआधी

संमती म्हणजे फॉर्मवरची सही, असं समजणाऱ्या संस्था मी बऱ्याच पाहिल्या आहेत. सही संस्थेला वाचवते, बोलणाऱ्याला वाचवतेच असं नाही. संमतीचं संभाषण साधारण असं व्हायला हवं:

'ताई, हा व्हिडिओ आम्ही आयोगापुढे दाखवणार आहोत. पण एकदा बाहेर पडला की तो कुठे जाईल यावर आमचा ताबा राहणार नाही. तुमच्या मालकाने पाहिला तर?'

'तो कशाला बघतोय.'

'समजा, कुणी फोनवर दाखवलाच. मग?'

इथे बाई गप्प होते. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. तिला वेळ द्या, मग पर्याय ठेवा: चेहरा दाखवायचा नाही, आवाज दुसऱ्याचा घालायचा, नाव आणि गाव सांगायचं नाही, किंवा आज काहीच नको. नाही म्हटलं तरी मिळणारी मदत थांबणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. मदतीच्या आशेने दिलेला होकार हा होकार नसतो. मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारा, कारण बोलण्याच्या ओघात माणूस ठरवलं त्यापेक्षा बरंच जास्त सांगून जातो. मन बदललं तर कुणाला आणि कसं कळवायचं, तेही त्याच वेळी ठरवा. प्रसिद्ध झाल्यावर पूर्ण मागे घेता येणार नाही, ही मर्यादाही लपवू नका.

ओळख लपवायची असेल तर ती शूट करतानाच लपवा. नंतर धूसर करू म्हटलं की मूळ फाईलमध्ये चेहरा राहतोच आणि फाईल चुकीच्या हाती पडू शकते. हात, पाठ, खिडकीबाहेरचा उजेड अशा चौकटी निवडा. पाठीमागे उजेड ठेवून काळी आकृती घेतली असेल तर संगणकावर ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहा, अनेकदा चेहरा उजळून वर येतो. अंगठी, गोंदण, चालण्याची ढब, भिंतीवरचं कॅलेंडर, बाहेरून येणारा प्रार्थनेचा आवाज, यावरून गावातला माणूस क्षणात ओळखतो. आवाजाची पट्टी बदलणं पुरेसं नाही, ती बरेचदा उलट फिरवता येते. तेच शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून बोलून घेणं जास्त सुरक्षित.

मुलाखतीत 'पोलिसांनी मारलं ना?' असे उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत. 'त्या दिवशी सकाळपासून सांगा', 'मग काय झालं?', 'तुम्ही हे स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं?' एवढ्यावर तासभर निघतो. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या व्यक्तीकडून तपशील कॅमेऱ्यावर वदवून घेऊ नका. आधीच कुणी जबाब घेतला असेल तर पुन्हा कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा. २०२२मध्ये जाहीर झालेली मुराद संहिता अशा नोंदी घेणाऱ्यांसाठीच आहे, या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी.

मूळ फाईल

मूळ फाईलला हात लावायचा नाही: नाव बदलायचं नाही, कापायची नाही, उजळ करायची नाही. तिच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या असाव्यात. प्रत्येक मूळ फाईलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढून ठेवा. एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षर-आकड्यांची ओळ मिळते आणि फाईलमध्ये एक बिट बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. म्हणजे दोन वर्षांनी 'यात छेडछाड झाली' असा आरोप झाला तर उत्तर तयार असतं. सोबत एक साधी नोंदवही: फाईल कुणी काढली, कुणाकडे कधी दिली, कुणी प्रत घेतली. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं की फाईल दाबली जाते आणि बरीचशी अंतर्गत माहिती गळून पडते, म्हणून पाठवायचीच वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसऱ्याने काढलेला व्हिडिओ हाती आला तर

आधी थांबा. तो पुढे ढकलणं हे काम नव्हे. पाठवणाऱ्याला विचारा, तू काढलास का, मूळ फाईल आहे का, तू कुठे उभा होतास. महत्त्वाच्या फ्रेम उलट-प्रतिमाशोधात टाकून हाच व्हिडिओ आधी कुठे आलाय का ते पाहा. जुनी घटना नव्या नावाने फिरवणं हा बनावटपणाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चालणारा प्रकार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या व्हिडिओंची चिंता रास्त आहे, पण ते ओळखणारी साधनं व्हिडिओ किती टक्के बनावट ते सांगतात, त्या एका टक्केवारीवर विसंबू नका. त्याच घटनेचा दुसऱ्या कोनातला व्हिडिओ मिळाला तर तो त्या टक्केवारीपेक्षा कितीतरी भरवशाचा.

२०१८मध्ये दोन स्त्रियांना आणि दोन लहान मुलांना सैनिक गोळ्या घालून मारत असल्याचा व्हिडिओ पसरला. कॅमेरून सरकारने सुरुवातीला तो खोटा ठरवला. बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या शोधपत्रकारांच्या गटाने पार्श्वभूमीतल्या डोंगराच्या माथ्याची रेषा नकाशाशी जुळवून जागा शोधली, ती निघाली कॅमेरूनच्या उत्तर टोकाला झेलेव्हेत गावाजवळ. उपग्रहचित्रांत कोणती घरं कधी दिसतात, यावरून काळ आवळत आणला आणि चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्यांवरून तो २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ इतका नेमका केला. पुढे २०२०मध्ये चार सैनिकांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा झाली. ज्याने कुणी तो व्हिडिओ काढला त्याच्या चौकटीत डोंगर आला होता, म्हणून हे शक्य झालं. अशा शोधकामाची रीतसर पद्धत बर्कली प्रोटोकॉलमध्ये मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने आणि बर्कली विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्राने तो २०२०मध्ये आणला.

अत्याचार करणाऱ्यांनी स्वतःच काढलेले व्हिडिओ ही वेगळी गोष्ट. पीडिताची बेइज्जती करण्यासाठीच ते काढलेले असतात. ते शेअर करणं म्हणजे त्यांचं काम पुढे नेणं. जपून ठेवा, तपासयंत्रणेला किंवा वकिलाला द्या. सार्वजनिक करावेच लागले तर चेहरे झाका आणि अपमानाचा भाग वगळा.

संकलन आणि प्रसिद्धी

घटनाक्रम बदलू नका. एका दिवसाचा आक्रोश दुसऱ्या दिवसाच्या लाठीमाराला जोडू नका, ते कधीतरी उघडं पडतं आणि मग खरा लाठीमारही संशयात येतो. पुराव्याच्या दृश्यांवर संगीत नको. स्लो मोशन जपून वापरा. संथ केलेल्या दृश्यात कृती जास्त जाणूनबुजून केल्यासारखी वाटते, हे २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं आहे, आणि ही भूल आरोपीविरुद्ध चालते तशी पीडिताविरुद्धही चालते. किंगच्या ज्युरीपुढे याच धर्तीवर खेळ झाला होता. तारीख, ठिकाण आणि 'चेहरे झाकले आहेत' अशी पट्टी पडद्यावर द्या. शेवटी एकच मागणी ठेवा, ठरवलेल्या वाक्यातली.

कधी प्रसिद्ध करायचा, हा निर्णय शूटिंगइतकाच मोठा असतो. ४ एप्रिल २०१५ला अमेरिकेतल्या नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये पोलिसाच्या गोळ्यांनी वॉल्टर स्कॉट मारले गेले. त्यांनी आपलं टेझर (विजेचा झटका देणारं शस्त्र) हिसकावलं आणि आपल्याला जिवाची भीती वाटली, असं पोलिसाचं म्हणणं बाहेर आलं. एका वाटसरूकडे व्हिडिओ होता. त्याने तो लगेच इंटरनेटवर टाकला नाही, स्कॉट यांच्या कुटुंबाला दिला. ७ एप्रिलला तो प्रसिद्ध झाला, पाठमोऱ्या पळणाऱ्या माणसावर गोळ्या झाडल्याचं सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याच दिवशी पोलिसाला अटक झाली. अधिकृत कहाणी आधी नोंदली जाऊ देण्याचा फायदा असा होतो, कारण मग ती बदलता येत नाही. अर्थात कुणाचा जीव अजून धोक्यात असेल तेव्हा वाट पाहणं हा गुन्हा ठरेल.

प्लॅटफॉर्म म्हणजे गोदाम नव्हे. २०१७मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ दहशतवादी मजकूर समजून काढून टाकले. सीरियन आर्काइव्हसारख्या गटांनी प्रती जपून ठेवल्या नसत्या तर त्यातले अनेक कायमचे गेले असते. म्हणून अपलोड ही जास्तीची प्रत समजा.

व्हिडिओ बाहेर जाण्याआधी त्यात बोललेल्या माणसांना तो दाखवा आणि कोणत्या दिवशी येणार ते सांगा, म्हणजे त्या दिवशी कुठे राहायचं हे त्यांना ठरवता येईल. पहिल्या आठवड्यात रोज एक फोन करा. धमकी आली तर वकील कोण, तात्पुरता आसरा कुठे, व्हिडिओ खाली घ्यायचा निर्णय कोण घेणार, याची नावं आधीच ठरलेली असावीत. प्रतिक्रिया वाचायचं काम त्यांच्यावर टाकू नका, तुमच्यातल्या एकाने ते करावं आणि दर दोन-तीन दिवसांनी माणूस बदलावा.

तीच काळजी फुटेज तपासणाऱ्यांचीही घ्या. हिंसेची दृश्यं पुन्हा पुन्हा पाहताना गरज नसेल तेव्हा आवाज बंद ठेवा, खिडकी लहान करा, फाईलला 'मृतदेह, ०:४२पासून' अशी सूचना लावा, म्हणजे पुढच्या सहकाऱ्यासमोर ते दृश्य अचानक येणार नाही. रात्री झोपण्याआधी हे काम करू नका.